ब्रिटनमधलं स्थलांतर: आश्वासनं का फसली आणि दवाखाने-शाळांवर ताण नेमका कसा येतो?

वाटसरू:
२०१०पासून ब्रिटनमधल्या प्रत्येक निवडणुकीत स्थलांतराचा आकडा खाली आणायचं वचन कुणी ना कुणी दिलं आहे. २०१०ला पंतप्रधान झालेल्या कॅमेरून यांनी निव्वळ स्थलांतर वर्षाला १ लाखाच्या आत आणू म्हटलं, २०१९ला पंतप्रधान जॉन्सन यांच्या जाहीरनाम्यातही एकूण संख्या कमी होईल असं होतं. झालं उलटंच. माझे प्रश्न दोन. हे नेमकं कुठे फिसकटलं? आणि जीपीची (म्हणजे फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट, शाळेतली जागा, कौन्सिलचं (म्हणजे स्थानिक पालिकेचं) घर यांवरचा ताण खरंच बाहेरून आलेल्यांमुळे आहे का? यंत्रणा कशी चालते ते माहीत असणाऱ्यांनी सांगावं.

आकडेमोड:
निव्वळ स्थलांतर म्हणजे वर्षभर किंवा जास्त राहायला आलेले, वजा तेवढ्याच काळासाठी देश सोडून गेलेले. गेलेल्यांवर सरकारचा काही ताबा नाही. आलेल्यांपैकी युरोपीय संघाचे नागरिक २०२०अखेरपर्यंत व्हिसाशिवाय येऊ शकत होते. म्हणजे वचनच अशा आकड्याचं दिलं, ज्याची निम्मी सूत्रं हातात नव्हती. तरी सगळं खापर युरोपवर फोडता येत नाही. जिथे व्हिसाचा पूर्ण अधिकार होता, त्या युरोपबाहेरच्या निव्वळ स्थलांतराचा आकडाही त्या दशकात १ लाखाखाली आला नाही.

२०२१नंतरचा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो. वचन कमी करण्याचं होतं, आणि नियम सैल केले. कुशल कामगार व्हिसासाठीची पदवी-पातळीची अट बारावीच्या पातळीवर आणली, किमान पगार ३०,००० पौंडांवरून २५,६०० केला, वर्षाला २०,७०० जणांची मर्यादा काढली. जुलै २०२१मध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहायची सोय झाली. फेब्रुवारी २०२२मध्ये वृद्धसेवेतल्या केअर वर्कर्सना दार उघडलं, कारण त्या क्षेत्रात दीड लाखाहून जास्त जागा रिकाम्या होत्या. त्यात युक्रेन आणि हाँगकाँगहून आलेले लोक.

आकडा मोजायची पद्धतही लक्षात घ्या. जून २०२३पर्यंतच्या वर्षाचा आकडा आधी ६,७२,००० जाहीर झाला, मग ७,४०,०००, मग ९,०६,०००. वर्ष तेच, माणसं तीच. २०२०पर्यंत तर विमानतळ-बंदरांवर निवडक प्रवाशांना प्रश्न विचारून अंदाज बांधत. २००४नंतर पूर्व युरोपातले लोक स्वस्त विमानांनी छोट्या विमानतळांवर उतरत होते आणि सर्वेक्षणाचा भर मोठ्या विमानतळांवर होता. २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या अंदाजापेक्षा ४,६४,०००ने जास्त निघाली, त्याचं मोठं कारण हेच.

पटसंख्या:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: माणूस येतो त्या दिवशी गरज सुरू होते, पैसा मागाहून येतो. किती मागाहून, ते प्रत्येक सेवेत वेगळं आहे.

इंग्लंडमधल्या शाळेचं बघा. पटाची मोजणी ऑक्टोबरमध्ये होते आणि कौन्सिलच्या शाळेला त्यावरून पैसे पुढच्या एप्रिलपासून मिळतात. एखादं मूल नोव्हेंबर २०२३मध्ये दाखल झालं, तर ते मोजलं जातं ऑक्टोबर २०२४ला आणि त्याचा पैसा येतो एप्रिल २०२५ला. सतरा महिने शाळा आहे त्या पैशांत भागवते. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलासाठी जादा रक्कम आहे, पण तीही याच मोजणीवर आणि सरकारी शाळेत आल्यापासून तीनच वर्षं. एका वर्षात थोडी मुलं आली तर निभावतं. शंभर-दीडशे आली की शिक्षक, खोल्या, दुभाषी, सगळंच कमी पडतं.

जीपीचं तसं नाही. तिथे नोंदलेल्या रुग्णामागे पैसे मिळतात, दर तिमाहीला हिशेब होतो आणि नव्या नोंदणीला जास्त भार धरतात. तिथे अडतं ते डॉक्टर आणि जागा यांच्यावाचून. शिवाय येणारे बहुतेक तरुण असतात, म्हातारपणाचे आजार त्यांच्यात कमी. रुग्णालयांतल्या रांगेचा दोष त्यांच्या माथी मारणं मला साफ चूक वाटतं. खाटा अडतात त्या बऱ्याचदा वृद्ध रुग्णाला घरी पाठवून सांभाळायला माणूस नसतो म्हणून. प्रसूतिगृहं, प्राथमिक शाळा आणि भाड्याची घरं इथे मात्र भार खरा आहे, आणि तो मोजक्या शहरांत एकवटतो.

सगळ्यात वाईट गत कौन्सिलच्या निधीची. गरजेनुसार वाटपाचं सूत्र २०१३-१४नंतर दशकभर तसंच ठेवलं, नवं वाटप २०२६-२७साठी आखलं. २००९मध्ये व्हिसावर ५० पौंडांचा अधिभार लावून अशा भागांसाठी खास निधी काढला होता, तो २०१०मध्ये बंद केला. आकडा कमी करायचं वचन देणाऱ्या सरकारनेच, हे मुद्दाम सांगतो.

वाटसरू:
मग व्हिसासोबत भरायचा आरोग्य सरचार्ज कुठे जातो?

पटसंख्या:
२०१५मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४पासून १,०३५ आहे. विद्यार्थी आणि मुलांना ७७६. पूर्ण व्हिसाचे पैसे आगाऊ भरावे लागतात, पाच वर्षांचे ५,१७५. ते आरोग्याच्या राष्ट्रीय खर्चात जातात. रुग्ण ज्या गावात राहायला गेला, तिथल्या दवाखान्याच्या नावावर ते जमा होत नाहीत.

सीमारेषा:
एक भर. आश्रय मागणाऱ्यांचं खातं वेगळं धरा, चर्चेत ते नेहमी व्हिसावाल्यांत मिसळलं जातं. निर्णय होईपर्यंत त्यांचा खर्च होम ऑफिसकडे, म्हणजे गृहखात्याकडे असतो. पहिल्या वर्षी काम करायला बंदी, त्यानंतरही ठरावीक कामंच. जून २०२३अखेर पहिल्या निर्णयाची वाट पाहणारे १,७५,००० झाले होते, म्हणून हॉटेलं भरली. मग रांग उपसायला निर्णय वेगाने दिले. मंजुरी मिळाली की सहसा २८ दिवसांत ती जागा सोडावी लागते. एवढ्यात भाड्याचं घर, अनामत, बँक खातं जमत नाही, आणि माणूस बेघर म्हणून कौन्सिलच्या दारात उभा राहतो. होम ऑफिसचा आकडा उतरतो, कौन्सिलचा चढतो. वचन पाळलं का हे तपासताना दोन्ही तक्ते एकाच तिमाहीचे शेजारी ठेवा.