मदत हवी आहे: बालीत गुडघ्याची वाटी बदललेल्या आईला समुद्राकाठी बसवायचंय, कोणता बीच क्लब निवडू?

नमस्कार मंडळी,

नवरात्र आटोपल्यावर आणि दिवाळीच्या आधी आईबाबांना घेऊन सहा दिवस बालीला जायचं ठरलंय. त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. ते दोघं, मी आणि नवरा असे चौघं. पुण्याहून बंगळुरूमार्गे तिकिटं काढून झाली. देवळं, उबुदकडची भातखाचरं हे सगळं पटापट ठरलं. घोडं अडलंय ते एका संध्याकाळीपाशी.

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी बदलली. सपाट रस्त्यावर ती छान चालते, रोज सकाळी तळजाईला फेरी मारून येते. पण मऊ वाळूत पाय रुतला की तिचा धीर सुटतो. त्याआधीची सहा-सात वर्षं तर गुडघेदुखीतच गेली. दिवेआगर असो की गुहागर, आम्ही सगळे पाण्यात आणि ती गाडीत काच खाली करून बसलेली, हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही चुकतंय हेही आम्हाला जाणवेनासं झालं.

मागच्या डिसेंबरात गोव्यात तिला हौसेने एका शॅकवर नेलं. समुद्राच्या बाजूला सगळ्या लोळायच्या खाटा. पाठ टेकायला नीट जागा नाही, आणि उठताना मी आणि नवऱ्याने दोन्हीकडून धरून उठवलं. साधी खुर्ची मागितली तर 'खुर्च्या आतल्या बाजूला, जेवणाऱ्यांसाठी' असं उत्तर मिळालं. आई काहीच बोलली नाही. नंतरचे दोन दिवस मात्र 'मी खोलीवरच थांबते, तुम्ही जाऊन या' सुरू झालं. ते पुन्हा ऐकायचं नाहीये मला.

म्हणजे हवंय एवढंच: समोर समुद्र, बाबांच्या हातात गार बिंतांग (तिकडची बिअर), आईच्या हातात शहाळं, आणि सूर्य बुडेपर्यंत तिला उठवायची वेळ येऊ नये.

बीच क्लब, म्हणजे समुद्राकाठी बसून खाण्यापिण्याची ठिकाणं, यांबद्दल आतापर्यंत जे वाचलं, बघितलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला चुका काढता येतील.

सेमिन्याकचा पोटॅटो हेड. बाबांना हाच बघायचाय. २०१० सालचा, आंद्रा मातिन या इंडोनेशियन वास्तुकाराने केलेला. दर्शनी भिंतीला जुन्या सागवानी खिडक्यांच्या हजारो झडपा लावल्यात, रंग उडालेल्या, जशाच्या तशा. आई शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढली. फोटो बघून म्हणाली, "आपले वाडे पाडले तेव्हा त्या खिडक्या कुठे गेल्या असतील गं?" तेव्हापासून मलाही तिथेच जावंसं वाटतंय. पण फोटोंत दिसतात ते सगळे डेबेड, म्हणजे पुन्हा खाट.

त्याच किनाऱ्यावर डबल सिक्स बीचजवळ ला प्लांचा आहे, रंगीत छत्र्या आणि थेट वाळूत टाकलेल्या बीनबॅग. फोटो फार सुंदर येतात. वाटी बदललेल्या माणसासाठी मात्र बीनबॅगइतकं वाईट आसन नाही. बसलं की गुडघा कंबरेच्या वर जातो. हे बाद.

चांगूकडे फिन्स मोठा आहे, पण सगळीकडे लिहिलंय ते त्याच्या गाण्यांबद्दल आणि गर्दीबद्दल. त्यापुढे एको बीचवरचा ला ब्रिसा, जुन्या मासेमारी होड्यांच्या लाकडाचा बांधलेला. तो मला मनापासून आवडला, पण तिथे पायऱ्या आणि उंचसखल फळ्या किती आहेत ते फोटोंवरून कळत नाही.

दक्षिणेकडे उंगासानचा संडेज आणि जिम्बारानचा रॉक बार. दोन्हीकडे कड्यावरून खाली न्यायला तिरका पाळणा आहे म्हणे, त्यामुळे उतरण्याचा प्रश्न सुटतो. खाली पोचल्यावर काय? संडेजला पुढे वाळू आहेच. उलुवातूचा सिंगल फिन कड्यावर आहे, तिथे पायऱ्या ठरलेल्याच.

माझे प्रश्न:

ताठ पाठीच्या, साधारण जेवणाच्या टेबलाच्या उंचीच्या खुर्च्या समुद्राच्या बाजूला कुठे मिळतील? 'किमान खर्च' ही भानगड नेमकी कशी चालते? आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. तिला शहाळ्याशिवाय काय मिळेल? आणि राहायला सानूर बरं की सेमिन्याक?

बजेट त्या एका संध्याकाळीसाठी चौघांत पंधरा हजार रुपयांपर्यंत. गाणी असली तर चालतील, पण एकमेकांशी बोलता आलं पाहिजे.

*

प्रतिसाद १

आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे तुमची गाडीची काच अगदी पोचली.

राहायला डोळे झाकून सानूर घ्या. तिथे किनाऱ्याला लागून कित्येक किलोमीटरची फरसबंद वाट आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला छोटी वारुंग, म्हणजे घरगुती खानावळी. बऱ्याच ठिकाणी साध्या लाकडी खुर्च्या, त्यातल्या काही अगदी वाटेला लागून. वाळूत पाय न टाकता समुद्राकाठी बसता येतं. बाहेरच्या बाजूला प्रवाळाची भिंत असल्यामुळे लाटा अडतात, पाणी शांत असतं. ओहोटीला मात्र ते फार लांब जातं आणि शेवाळलेला तळ उघडा पडतो. भरतीची वेळ बघून जा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. सानूर पूर्वेला आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो, मावळतो तुमच्या पाठीमागे. पण बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पहिल्या सकाळी साडेपाचला उठायचं म्हणजे शरीराच्या हिशेबाने रात्रीचे तीन! आमच्या सासूबाई तिसऱ्या दिवशी उठल्या. स्वच्छ हवेत उजाडताना आगुंग पर्वत दिसतो. त्या हात जोडून उभ्या राहिल्या होत्या.

सूर्यास्तासाठी एक संध्याकाळ जिम्बारानला जा. तिथे क्लब वगैरे नाही, वाळूवर टेबलं मांडलेली, साध्या खुर्च्या, नारळाच्या सोडणांवर भाजलेली मासळी. मासळी वजनावर देतात, आधी दर विचारून, समोर वजन करून घ्या. आईंसाठी तिथे फारसं काही नाही, पण भाजलेली कणसं विकणारे फिरत असतात. भरती नसेल तर पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते. रुततो तो वरच्या कोरड्या पट्ट्यातच, आणि तेवढे पंधरा-वीस पावलं तुम्ही दोघं बरोबर असालच.

*

प्रतिसाद २

किमान खर्चाबद्दल. डेबेड किंवा पाण्याजवळची जागा घेतली की तिच्यावर एक रक्कम ठरलेली असते. ती भाडं नव्हे, तेवढ्याचं खायचं-प्यायचं. कमी खाल्लं तरी रक्कम पूर्ण जाते. काही ठिकाणी वेगळं प्रवेशशुल्क असतं आणि त्यातला काही भाग खाण्यात वळता करून देतात. नुसत्या जेवणाच्या टेबलाला बऱ्याचदा ही अट नसते, म्हणजे तुमच्या आईची गरज आणि तुमचा खिसा दोन्ही एकाच दिशेला आहेत. जागा ठरवताना 'लाउंज' नका म्हणू, 'रेस्टॉरंट टेबल' मागा.

मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं छापलेली दिसतील. एक सेवाशुल्काचं, एक कराचं. दोन्ही दहा-दहा टक्के असतील तर सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर कर लागतो आणि एकूण २१ टक्के वाढतात. १० लाख रुपियाचं (रुपिया हे तिकडचं चलन) बिल १२ लाख १० हजार होतं. ढोबळ हिशेब असा: १ लाख रुपिया म्हणजे आपले साधारण साडेपाचशे. किमान खर्चाची रक्कम या अधिकांच्या आधीची की नंतरची, हे लिहून विचारा. कार्डावर काही ठिकाणी दोन-तीन टक्के जादा लावतात.

वाइन आणि परदेशी दारू तिथे करामुळे महाग आहे, बाबांची बिअर परवडेल. 'अराक' ही स्थानिक कडक दारू असलेली स्वस्त कॉकटेल, विशेषतः अनोळखी ठिकाणी, कुणीही घेऊ नका. मिथेनॉलच्या भेसळीने बालीत माणसं दगावली आहेत.

आणि वेळ पाळा. तुम्ही जाल तेव्हा सूर्य सव्वासहाच्या आत बुडतो आणि विषुववृत्ताजवळ असल्याने लगेच अंधारतं. आपल्यासारखी रेंगाळणारी सांज नाही. चारला पोचलात तरच चांगलं टेबल मिळेल. सानूरहून सेमिन्याकला अंतर थोडं, पण वाहतूक आपल्या सिंहगड रस्त्याच्या तोडीची. अडीचलाच निघा.

*

प्रतिसाद ३

फक्त खाण्याचं सांगते, मी स्वतः शाकाहारी आहे.

'व्हेज' म्हटल्यावर समोर येईल त्यात 'तरासी' असू शकते. ती सुकवून आंबवलेल्या कोळंबीची चटणी, त्यांच्या बऱ्याच संबालात, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, घालतात. 'तान्पा तरासी' म्हणा. तान्पा म्हणजे शिवाय. अंडं म्हणजे 'तेलूर', तेव्हा 'तान्पा तेलूर' हेही. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याचा दाट रस, आईंना नक्की आवडेल, पण त्यावर उकडलेलं अंडं ठेवतात, तेवढं आधी सांगा. तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कुरकुरीत तळलेली मस्त लागते.

बाहेरचं खाणं बहुतेक क्लबांत आत नेऊ देत नाहीत, दारात पिशव्या बघतात. बाकरवडी खोलीवर ठेवा.

नवऱ्याला पोहायचं असेल तर: सेमिन्याक-चांगूच्या बाजूला समुद्र आत ओढतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पायही घालू नका.

*

धागाकर्ती

तिघांचेही अगदी मनापासून आभार. काल रात्री जेवताना आईला सगळं वाचून दाखवलं. ओल्या वाळूचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "काठी घेऊन येईन मी." काठी घ्यायला ती डॉक्टरांनाही नाही म्हणाली होती.

आता असं ठरवलंय: पहिल्या तीन रात्री सानूर, मग उबुद. जिम्बारान एका संध्याकाळी, ओहोटीची वेळ बघून. पोटॅटो हेड दुपारी, जेवणाच्या टेबलावर. सूर्यास्तापर्यंत थांबायचं की नाही ते आईच्या पायावर सोडू. क्लबला मेल टाकला आहे, त्यात खुर्चीची उंचीच विचारली आहे: बसायची जागा जमिनीपासून १८ इंच तरी हवी, हात टेकून उठायला दांड्या हव्यात.

पोटॅटो हेडला अलीकडे कुणी गेलं असेल तर दोनच गोष्टी सांगा. रस्त्यावरून आत शिरल्यावर समुद्राच्या बाजूच्या टेबलापर्यंत किती पायऱ्या लागतात आणि त्यांना कठडा आहे का? आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? फोटो असेल तर फारच बरं, आईला दाखवता येईल.