मोजे घालायला शिकवणारा कोच

'चारित्र्य घरात घडतं, कोचनं फक्त खेळ शिकवावा' असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जॉन वुडन यांचंच बघा. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघानं त्यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या काळात १० राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. आणि हा माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवायचा? मोजे घालायला! टाचेपाशी, बोटांपाशी हात फिरवून चुणी काढायची, मग बुटाची नाडी एकेका भोकापाशी ओढून घट्ट करायची. चुणी राहिली की फोड येतो, आणि एकाच्या फोडाचा भुर्दंड अख्ख्या संघाला.

पण मला त्याहून मोठी वाटते ती १९४७ची गोष्ट. तेव्हा ते इंडियाना स्टेट या कॉलेजच्या संघाचे कोच होते. कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी. संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता, तोही राखीव. वुडन यांनी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला, संघ थेट अंतिम फेरीत गेला. तिथे हरला, ते सोडा.

मी कॉलेजच्या मुलांना खो-खो शिकवतो. ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, बाकीच्या पोरांना राग नाही आला?" मी उत्तर देत नाही. त्यांनाच बोलू देतो. त्या दिवशी सराव अर्धा तास उशिरा सुरू होतो.