मदत हवी आहे: खाऱ्या हवेत इन्व्हर्टरचं बोर्ड टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगडला, समुद्राला अगदी लागून. तीन वर्षांत दुसऱ्यांदा इन्व्हर्टरचं बोर्ड गेलं. उघडून पाहिलं तर तांब्याच्या रेषांवर हिरवट थर. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. पण एका बोर्डापायी अख्खं यंत्र टाकायला मन होत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून, पूर्ण सुकवून वर कन्फॉर्मल कोटिंग (ओल आणि खारेपणापासून वाचवणारा पातळ थर) मारतात, असं वाचलंय. किनाऱ्यावर कुणी करून पाहिलंय का? ॲक्रिलिक घ्यावं की सिलिकॉन? ॲक्रिलिक पुढे दुरुस्तीच्या वेळी सहज निघतं, म्हणून माझा कल तिकडे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे काम करणारा कारागीर माहीत असेल तर जरूर सांगा.

जुनं बोर्ड भंगारात द्यायचं नाही. तांब्यासाठी जाळलं तर शिशाचा विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांत जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण इथे नेऊन द्यायचं कुठे?