मदत हवी आहे: आईसाठी किम हे-जा यांच्या मालिका, कोणत्या क्रमाने दाखवू?

नमस्कार मंडळी,

कोरियन मालिका नियमित बघणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे. (सूचना: पुढे दोन मालिकांचा शेवट उघड केला आहे.)

माझी आई पंचाहत्तरीची, निवृत्त शिक्षिका. इंग्रजी सबटायटल्स वाचते, पण सावकाश. आम्ही दोघींनी मिळून 'अवर ब्लूज' (२०२२) पाहिली. जेजू बेटावरच्या बाजारात भाजी विकणारी, कर्करोग झालेली, मुलाशी धड दोन शब्द न बोलणारी ओक-दोंग (ही भूमिका किम हे-जा यांची) आईच्या मनात घर करून बसली आहे. हल्लासान डोंगरावर बर्फात तिला पुढे चढवत नाही, मग मुलगा एकटा वर जातो आणि तिच्यासाठी मोबाइलवर चित्रण करून आणतो. तो प्रसंग आईनं मागे नेऊन नेऊन पाहिला. आता "हिचं अजून काय आहे ते लाव" हा धोशा सुरू आहे.

शोधायला बसले आणि चक्रावले. किम हे-जा यांचा जन्म १९४१ चा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला केबीएस या कोरियन वाहिनीतून सुरुवात, मग लग्न-संसार, नाटक, आणि १९६९ पासून एमबीसी ही दुसरी वाहिनी. पुढे १९८० साली 'चॉनवॉन इल्गी' सुरू झाली, म्हणजे 'गावाकडची रोजनिशी' म्हणा. ती २००२ पर्यंत चालली, १०८८ भाग! शेतकरी कुटुंबातली आई त्यांनी सलग बावीस वर्षं साकारली. सुरुवातीला त्यांनी स्वतः चाळिशीही गाठली नव्हती, तरी पडद्यावर मोठी मुलं आणि सुना. त्यातल्या थोरल्या सुनेच्या भूमिकेत को दू-शिम होत्या. 'अवर ब्लूज'मध्ये ओक-दोंगच्या शेजारी बसलेली चुन-ही म्हणजे त्याच. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "तरीच त्या दोघी बोलल्याशिवाय एकमेकींना कळतात."

या मालिकेतला एक प्रसंग मी वाचला आहे आणि तो मला बघायचाच आहे. घरात नवा टेलिफोन येतो. सगळे झोपल्यावर ही आई रिसीव्हर उचलते आणि आपल्या वारलेल्या आईशी बोलू बघते. फोन जोडून मागते. बास, एवढंच. ज्या बाईला 'देशाची आई' म्हणून कोरियात ओळखलं गेलं, तिनं आधी कुणाची तरी लेक म्हणून असा रिसीव्हर धरला होता. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथंच आहे. आईपणाच्या आत दडलेली बाई त्या शोधत राहिल्या.

म्हणूनच मला क्रम नीट लावायचा आहे. २००८ च्या 'मॉम्स डेड अपसेट'मध्ये त्या आयुष्यभर राबलेल्या गृहिणी आहेत, घरच्यांकडून एक वर्षाची सुट्टी मागतात आणि वेगळी खोली घेऊन राहायला जातात. लेखिका किम सू-ह्यॉन. माझ्या आईनं असली सुट्टी कधी मागितली नाही, म्हणून ही मालिका तिच्याबरोबर बघायची मला फार इच्छा आहे. लगेच २००९ साली बोंग जून-हो यांचा 'मदर' हा चित्रपट आला. त्यात मुलाला खुनाच्या आरोपातून सोडवायला निघालेली आई कुठल्या थराला जाते ते बघवत नाही. वाळक्या गवताच्या माळावर एकटीच नाचू लागणारी ती बाई आणि रोजनिशीतली आई एकच आहे यावर विश्वास बसत नाही. या भूमिकेसाठी त्यांना लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला.

आता खरी अडचण. सगळीकडे 'द लाइट इन युअर आइज' (२०१९, १२ भाग) आवर्जून बघा असं म्हणतात. पंचवीस वर्षांची मुलगी एकाएकी म्हातारी होते, असं वाटायला लावणारी गोष्ट आहे. दहाव्या भागाच्या शेवटी कळतं की तिला अल्झायमर आहे आणि आपण जे पाहत आलो ते तिच्या मनातलं होतं. यासाठी त्यांना बेकसांग या कोरियातल्या टीव्ही-चित्रपट पुरस्कारांतला सर्वोच्च 'देसांग' मिळाला. टीव्हीसाठी तो त्यांना चौथ्यांदा मिळत होता.

माझ्या मावशीला, आईच्या धाकट्या बहिणीला, याच आजाराचं निदान झालं आहे. आई तिला भेटून आली की संध्याकाळभर गप्प असते. तर माझे प्रश्न:

ही मालिका आईला दाखवू की नको? दाखवली तर शेवट आधी सांगू का?

'चॉनवॉन इल्गी'चे भाग, निदान तो टेलिफोनचा, सबटायटल्ससह कुठे मिळतील?

आणि आईच्या वेगानं वाचता येतील अशी सबटायटल्स कशी लावायची?

---

प्रतिसाद:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. नेटफ्लिक्सवर वेग कमी करता येतो, ०.७५ वर ठेवा. आवाज जरा जड वाटतो, पण कोरियन कळत नसल्यानं दोन दिवसांत सवय होते. खात्याच्या सेटिंगमध्ये सबटायटल्सचा आकारही मोठा करता येतो आणि मागे काळी पट्टी देता येते. माझ्या वडिलांना पट्टीमुळे फार फरक पडला.

जुन्या भागांसाठी यूट्यूबवर मालिकेचं नाव कोरियन लिपीत टाकून शोधा. रोमन अक्षरांत शोधलं तर हाताला फार काही लागत नाही. जिथे कोरियन सबटायटल्स आपोआप तयार झालेली असतील तिथे सेटिंगमध्ये 'ऑटो ट्रान्सलेट' करून इंग्रजी किंवा मराठी निवडता येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, नात्यांची तर पार वाट लावतं, तेव्हा शेजारी बसून समजावून सांगावं लागेल.

---

प्रतिसाद:

माझ्या सासूबाई या आजारातून गेल्या, म्हणून लिहिते आहे. मालिका दाखवा, पण आधी एवढं सांगा की हिच्यात हा आजार आहे. कसा उलगडतो ते सांगू नका. अंधारात ठेवून दाखवली तर दहाव्या भागाला त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि तेही तुम्ही फसवल्यासारखं.

दाखवा असं म्हणण्याचं कारण म्हणजे त्यातला बर्फाचा प्रसंग. मुलाचा पाय लहानपणी गेलेला, आई त्याच्याशी कायम कठोर वागलेली. बर्फ पडला की पहाटे कुणीतरी त्याच्या वाटेवरचा बर्फ झाडून ठेवायचं. म्हातारपणी ती मुलाला ओळखत नाही, पण बर्फ दिसला की झाडू घेऊन बाहेर येते, माझ्या मुलाचा पाय अधू आहे म्हणून. समोर उभा असलेला तो मुलगा पन्नाशीचा. सासूबाई मला ओळखत नव्हत्या तेव्हाही मी जेवले का हे विचारायच्या. हे मला त्या प्रसंगानंतर नीट कळलं. तुमच्या आईलाही बहिणीकडे बघताना कदाचित उपयोग होईल. फक्त दहा ते बारा हे भाग दिवसा बघा, रात्री झोपायच्या वेळी नको.

आणि 'डिअर माय फ्रेंड्स' (२०१६) यादीत असेल तर लक्षात असू द्या, तिच्यातही हे-जा यांच्या पात्राला विस्मरण सुरू होतं. तरीही ती आधी दाखवली तर बरं. कारण तिथे ती एकटी पडत नाही, म्हाताऱ्या मैत्रिणींचा गोतावळा भोवती आहे. को दू-शिमही आहेत, आणि पुढे ऑस्कर मिळवणाऱ्या युन यो-जंगही.

---

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. ०.७५ चा प्रयोग केला, आईला आवडला.

'डिअर माय फ्रेंड्स'चं मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आता असं ठरवते आहे: आधी 'मॉम्स डेड अपसेट' मिळते का ते बघते, मग 'डिअर माय फ्रेंड्स', मग 'द लाइट इन युअर आइज'. तिच्या पाठोपाठ २०२५ ची 'हेवनली एव्हर आफ्टर', कारण दिग्दर्शक किम सोक-युन आणि लेखकद्वयी तीच आहे. ऐंशीची बाई स्वर्गात जाते, हवं ते वय निवडायची मुभा असताना ऐंशीच निवडते आणि नवरा मात्र तिशीतला भेटतो! आईला नुसती एवढी गोष्ट सांगितली तर ती खळखळून हसली. 'मदर' मी एकटीच बघेन.

आजाराबद्दल आईशी आजच बोलले. ती म्हणाली, "लपवू नकोस, बहीण माझी आहे." तेव्हा तो प्रश्न सुटला.

टेलिफोनचा प्रसंग मात्र अजून सापडलेला नाही. कुणाला भाग क्रमांक माहीत असेल किंवा दुवा मिळाला तर कृपया इथेच टाका. कोरियन सबटायटल्स नसली तरी चालेल, कोरियन शिकलेलं कुणी इथे असेल तर त्या दोन-चार वाक्यांचा अर्थ तेवढा सांगा.