जानेवारीत केदारकंठा, सोबत बाबा : बर्फावर चालायचं कसं?

कारवी_पुणे
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला चाललेय, सोबत बाबा. वय ५७, बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत. तीस वर्षं सह्याद्रीत भटकतायत, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गेल्याच वर्षी केला. अडचण अशी की बर्फाचा विषय काढला की "अगं, घसाऱ्यावर आयुष्य गेलं माझं" एवढंच ऐकायला मिळतं (घसारा म्हणजे सुट्या मुरमाचा उतार). बुटांवर चढवायचे दाते, म्हणजे स्पाइक्स, भाड्याने घ्यायला तयार नाहीत, बुटांची ग्रिप भारी आहे म्हणे. मला शिखराच्या शेवटच्या चढाची भीती वाटते. तिथे नेमकी काय काळजी घ्यायची? आणि बाबांना पटवू कसं?

गडवेडा_९१
काही होत नाही ताई, शाळेतली पोरंही करून येतात. जिद्द पाहिजे फक्त. हर हर महादेव!

उतारवय (नाशिक)
पोरी, हे बाबांनाच वाचायला दे. मी ५९चा, आणि "घसाऱ्यावर आयुष्य गेलं" हे वाक्य ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावात उतरल्या उतरल्या मीही गाइडला ऐकवलं होतं, मोडक्या हिंदीत.

तुला शिखराच्या चढाची भीती वाटते, पण तिथे माणूस सावध असतो. पहाटे अडीच-तीनला टॉर्चच्या उजेडात निघतात, समोरच्याच्या पावलात पाऊल टाकत १२,५०० फुटांवर पोचतात. मीही पोचलो, खाली बेसकॅम्पला येऊन डाळभात खाल्ला. दुपारी जंगलात उतरताना पायाखाली माती आणि पाचोळा दिसायला लागला. म्हटलं, संपला बर्फ. स्पाइक्स काढून सॅकला लटकवले. गाइड मागून "अभी मत निकालो सर" म्हणाला, तेही ऐकल्यासारखं केलं.

दहा मिनिटांत एक वळण आलं. देवदारांच्या सावलीतली वाट, ऊन तिथे पोचतच नाही. शेकडो बुटांनी तुडवलेला बर्फ दिवसा जरा पाझरतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि आठवड्याभरात त्याची काच होते. वर धुरळा बसलेला, त्यामुळे मला ती मातीच वाटली. पाय गेला. आणि मग तीस वर्षांची सवय आडवी आली बघ: अंग मागे टाकलं, हात मागे नेला. सह्याद्रीतल्यासारखं कारवीचं झुडूप धरायला! तिथे कुठली कारवी? मनगट मोडलं. बाकीची वाट एका हाताने उतरलो आणि पुरोल्यापर्यंत गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला कळवळलो.

घसाऱ्यावर आपण थोडं घसरू देतो, कारण मुरूम पायाखाली साठतो आणि आपोआप अडवतो. कडक बर्फावर घसरण सुरू झाली की वाढतच जाते. घसाऱ्यावर मागे रेललं, बूड टेकलं तरी चालतं. बर्फावर मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि दोन्ही पाय पुढे निसटतात. तिथे गुडघे वाकवायचे, पोट पुढे, अख्खा तळवा एकदम टेकवायचा, म्हणजे सगळे दाते रुततात. पावलं छोटी, दोन पायांत अंतर, बदकासारखं. वाईट दिसतं, दिसू दे. भुसभुशीत ताज्या बर्फात मात्र टाच रोवून उतरता येतं, तिथे बाबांची सवय कामाला येईल.

बुटांचं म्हणशील तर कातळाला चिकटणारं रबर ओल्या काचेला चिकटत नाही. भाड्याने देणारे ज्याला बऱ्याचदा क्रॅम्पॉन म्हणतात ते खरं तर मायक्रोस्पाइक्स असतात, रबरी पट्ट्याला साखळ्या आणि छोटे दाते. घेताना पट्टा ओढून बघा, चिरलेला नको. हातमोजे घालून, अंधारात, चढवता-काढता आले पाहिजेत.

आणि येताना बरेच जण बुडावर घसरत खाली येतात, मजा म्हणून. करायचंच असेल तर आधी स्पाइक्स काढा. दाता अडकला की शरीर पुढे जातं, घोटा मागे राहतो.

बाबा आत सुती बनियन घालत असतील तर ते घरी ठेवायला लाव. घामाने भिजलं की वाळत नाही आणि वर थांबलं की छातीवर ओलं फडकं ठेवल्यासारखं होतं. दोन-दोन मोजे कोंबून बूट आवळायचेही नाहीत, रक्त खेळलं नाही की बोटं आणखी गार पडतात.

दूनवासी_मराठी
काकांशी सहमत, एक भर. ताजा बर्फ पडला असेल तर स्पाइक्सखाली गोळे चिकटतात आणि दाते टेकतच नाहीत. चार-पाच पावलांनी काठीने बूट ठोकत राहायचं. आणि हे मायक्रोस्पाइक्स जरा तीव्र, कडक उतारावर पुरत नाहीत. गाइड कुदळीने पावठ्या खणत असेल तर मुकाट थांबायचं, बाजूने पुढे जायचं नाही.

माझं मत, सूर्योदयाचा हट्ट सोडा. वर गर्दीत उणे तापमानात वाऱ्यात उभं राहून बोटं बधिर होतात. दोन तास उशिरा निघा.

उतारवय (नाशिक)
उशिरा निघण्याचं मला तितकंसं पटत नाही. ऊन वर आलं की बर्फाचा चिखल होतो, आणि उतार त्याच चिखलातून. शिवाय गटासोबत असाल तर वेळ गाइड ठरवणार. त्यापेक्षा परत फिरायची वेळ आधीच ठरवा आणि शिखर दिसत असलं तरी पाळा. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, बोलताना शब्द अडखळतायत असं काही दिसलं तर वेळही बघायची नाही, सरळ खाली. डॉक्टरांना बीपीच्या गोळीचं विचारताना उंची आणि थंडी दोन्ही सांग.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेव, बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं.

कारवी_पुणे
काका, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बनियनचा मुद्दा ऐकून आई खूश. बाबा बराच वेळ गप्प होते, मग एकच प्रश्न: "कुठलं मनगट म्हणाले?"

उतारवय (नाशिक)
उजवं. दीड महिना डाव्या हाताने जेवलो, सांग त्यांना.

कारवी_पुणे
स्पाइक्स भाड्याने नको म्हणाले. विकतच घेतायत. काल रात्री दिवे बंद करून, हातमोजे घालून हॉलमध्ये सराव चालला होता. फरशीवर सात ओरखडे आहेत.