गायरानातली खाण आमच्या बांधापर्यंत आलीय, हद्द कशी सिद्ध करायची?

बांधकरी, हडपसर
राम राम मंडळी. आमचं गाव हवेली तालुक्यात. गावालगत गायरान आहे, सातबाऱ्यावर सरकार आणि गुरचरण अशी नोंद. तिथं बऱ्याच वर्षांपासून दगडखाण चालू आहे. पट्टा, म्हणजे खोदायला सरकारनं दिलेली जागा, एक हेक्टरचा, असं खाणवाला सांगतो. पण खड्डा आता आमच्या बांधापासून पंचवीस पावलांवर आलाय. रविवारी वडिलांबरोबर मी स्वतः पावलं टाकली. वडील ज्या बाभळीखाली म्हशी बसवायचे ती बाभळ गेली, तिच्याजवळचा हद्दीचा दगडही गेला. ज्वारीच्या पोंग्यात बोट घातलं की करडी भुकटी लागते.

बोलायला गेलो तर खाणवाला म्हणतो, "जमीन सरकारची, परवाना सरकारचा, तुमचा संबंध काय?" वडिलांना हे फार लागलंय. दोन दिवस नीट जेवले नाहीत. तीन पिढ्या तिथं जनावरं चारली, तरी आमचा काहीच हक्क नाही का?

जुना तलाठी
दादा, वडिलांना सांगा, तो माणूस अर्धंच खरं बोलतोय. जमीन सरकारची आणि जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे दगडही सरकारचाच. पण चराईसाठी राखलेली जमीन कलम २२ खाली गावाच्या त्याच कामासाठी असते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल सगळ्या राज्यांना बजावलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे गायरानाबद्दल शासन निर्णय निघाला.

तरीही माझं ऐका, नुसत्या "आमचं गायरान"वर भांडत बसू नका. तुमचं प्रकरण मोजणीवर सुटेल. गायरानाच्या मोजणीचा अर्ज तुम्हाला करता येणार नाही, पण स्वतःच्या गटाचा करता येतो ना? तुमचा बांध मोजला की गायरानाची त्या बाजूची हद्द आपोआप कागदावर येते. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात ठेवा. मग माहितीच्या अधिकारात, १० रुपयांच्या अर्जावर, खाणपट्ट्याचा नकाशा, चतुःसीमा आणि भरलेल्या रॉयल्टीचे आकडे मागा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की खड्डा कुठं आहे ते दिसेल.

पट्ट्याबाहेर खोदलं असेल तर कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. मात्र खड्ड्याची मोजणी यंत्राने करून घ्या. नोकरीत असताना मी एक पंचनामा नजर अंदाजाने लिहिला होता, "सुमारे तीनशे ब्रास" म्हणून. अपिलात पहिला प्रश्न आला: लांबी, रुंदी, खोली कुठाय? तिथंच तो पंचनामा आडवा झाला. शंभर घनफुटांचा एक ब्रास. मापं नसतील तर तुमचा शब्द आणि त्याचा शब्द सारखाच. त्या गावातली माणसं रस्त्यात भेटली की मला आजही मान खाली घालावी लागते.

वाघोलीची ताई
आमच्याकडच्या खाणींच्या अनुभवावरून एक भर. पर्यावरण मंजुरीची प्रतही मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या पट्ट्यालाही ती लागते. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण लवादाच्या कायद्याच्या कलम १४ खाली कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, म्हणून दिवस मोजत राहा. आणि ग्रामसभेत ठराव घ्या, एकट्याने लढू नका.

बांधकरी, हडपसर
काका, ताई, मनापासून आभार. मोजणीचा अर्ज उद्याच भरतो. वडील आज परत जाऊन आले. हद्दीचा दगड ओढ्यात पालथा पडलेला सापडला, एका अंगाला जुना चुना अजून आहे. ते म्हणतात उचलून घरी आणू. आणू का?

जुना तलाठी
अजिबात नको. आहे तिथंच राहू द्या. बाभळीची जागा आणि तो दगड एकाच फोटोत येईल असं बघा, आणि भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाले, आले की वडिलांनाच दाखवू द्या.