जीएमला वाचवलं की जीएमच्या मालकांना? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

स्नेहल (ए-२०२): सुप्रभात. कॉलेजच्या वादविवादाला विषय आलाय, "अडचणीतल्या देशी मोटार कंपन्यांना सरकारने वाचवावं का?" मी अमेरिकेतलं २००८-०९ घेतेय. ग्रुपवर बँकवाले, व्हेंडरवाले (सुटे भाग पुरवणारे) दोन्ही आहेत म्हणून विचारते, तेव्हा नेमकं काय झालं होतं?

प्रसाद (डी-३०२): नोव्हेंबर २००८ मध्ये जीएम (जनरल मोटर्स), फोर्ड आणि क्रायस्लरचे तिन्ही प्रमुख आपापल्या कंपनीच्या खासगी विमानाने वॉशिंग्टनला उतरले आणि २५ अब्ज डॉलरसाठी झोळी पुढे केली. इतकी बोंबाबोंब झाली की डिसेंबरात पुन्हा गेले ते मोटारीने. ११ डिसेंबरला सेनेटमध्ये विधेयक अडकलं. मग १९ तारखेला बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या ७०० अब्जांच्या निधीतून १७.४ अब्ज काढून दिले, जीएमला १३.४ आणि क्रायस्लरला ४. सेनेटने अडवलं ते मागच्या दाराने झालं. ज्यांच्या गाड्या खपत नाहीत त्यांना करदात्याने पोसायचं, एवढाच याचा अर्थ.

कुलकर्णी काका (बी-२०३): तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. डिसेंबरचे पैसे फक्त मार्चपर्यंत श्वास चालू ठेवायला होते. खरं काम २००९ मध्ये झालं. मार्चअखेर ओबामा सरकारने जीएम आणि क्रायस्लर दोघांचे सावरायचे आराखडे नापास केले, जीएमचे प्रमुख वॅगनर यांना घरी पाठवलं, क्रायस्लरला ३० दिवस दिले आणि जीएमला ६०. त्यानंतर दोन्ही कंपन्या रीतसर दिवाळखोरीत गेल्या. क्रायस्लर ३० एप्रिलला, जीएम १ जूनला. म्हणजे "वाचवलं" म्हणतात त्यात दिवाळखोरी आलीच. जुन्या जीएमच्या भागधारकांच्या हातात काही उरलं नाही.

प्रसाद (डी-३०२): मग काका, दिवाळखोरीतच जायचं होतं तर सरकारी पैसा कशाला? कोर्टाने नीट केलं असतं की.

कुलकर्णी काका (बी-२०३): सगळा मुद्दा इथेच आहे. स्नेहल, हे नीट लिहून घे. तिकडच्या दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर ११ मध्ये कंपनी चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी होते. पण कोर्टात अर्ज केल्यावरही पगार, स्टील, वीज, सुटे भाग यांना रोख लागतेच. त्यासाठी दिवाळखोरीच्या काळात नवं कर्ज घेतात आणि ते जुन्या कर्जांच्या आधी फेडायचं असतं. एरवी असं कर्ज बँका आनंदाने देतात, पहिला हक्क मिळतो ना. २००८-०९ ला मात्र बँका स्वतःच सरकारच्या दारात उभ्या होत्या. एकट्या जीएमला या खात्यावर ३० अब्जांच्या वर लागले. तेवढं द्यायला बाजारात कोणी नव्हतं. हे कर्ज नसतं तर चॅप्टर ११ झालं नसतं, थेट लिलाव झाला असता. २००६ मध्ये हीच वेळ आली असती तर मीही म्हणालो असतो, सरकारने लांब राहावं.

सेक्रेटरी (ए-१०१): टँकर ११ ला येतोय. गेटसमोर उभ्या गाड्या काढून घ्या. चर्चा चालू द्या 🙏

शेख (ए-५०१): लिलाव झाला असता तर काय, ते व्हेंडरच्या बाजूने सांगतो. स्क्रूपर्यंत मोजले तर एका गाडीत ३० हजारांच्या आसपास भाग. त्यातले बहुतेक बाहेरून येतात. जीएमची पेमेंट टर्म सरासरी ४७ दिवसांची होती. म्हणजे कुठल्याही दिवशी व्हेंडरचा साधारण दीड महिन्याचा माल बिलाच्या रूपात जीएमकडे अडकलेला. व्हेंडर त्या बिलांवर बँकेकडून खेळतं भांडवल उचलतो. जीएम डगमगली म्हटल्यावर बँकांनी ती बिलं तारण धरायचं बंद केलं. ऑर्डर हातात, माल तयार, आणि पगाराला पैसा नाही.

आता साखळी बघा. हार्नेसवाला (गाडीतल्या वायरींचे जुडगे बनवणारा) बंद पडला तर गाडी जोडायची लाइन त्याच दिवशी थांबते, कारण हार्नेस आणि सीट्सचा साठा कोणी ठेवत नाही, तासांच्या हिशेबाने येतात. दुसऱ्याकडे काम न्यावं म्हटलं तर डाय आणि मोल्ड (भाग घडवायचे साचे) असतात गाडी कंपनीच्या मालकीचे पण पडलेले व्हेंडरच्या शेडमध्ये, आणि थकलेल्या बिलापोटी तो ते अडवून धरतो. सुटले तरी नव्या प्रेसवर बसवायचे, ट्रायल घ्यायची, माप तपासायचं, पीपीएपी (भाग ठरल्याप्रमाणे बनतो याची गाडी कंपनीची मान्यता) मंजूर करून घ्यायचं. साध्या ब्रॅकेटला काही आठवडे, एअरबॅग किंवा ब्रेकच्या भागाला अनेक महिने. तोपर्यंत यार्डात अर्धवट गाड्यांच्या रांगा.

प्रसाद (डी-३०२): पण फोर्डने तर त्या निधीतला एक डॉलर घेतला नाही. ते कसे तरले?

शेख (ए-५०१): फोर्डने २००६ च्या शेवटी, बाजारात पैसा स्वस्त असताना, कारखान्यांपासून निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून २३ अब्जांच्या वर उचलले होते. शिवाय जग्वार-लँड रोव्हर जून २००८ मध्ये टाटांना २.३ अब्जांना विकून टाकली. तरीही फोर्डचे प्रमुख दुसऱ्या दोघांना मदत द्या म्हणून सांगायला हजर होते. प्रतिस्पर्ध्यासाठी कोण रदबदली करतो? व्हेंडर सामाईक होते म्हणून. जीएम कोसळली असती तर फोर्डची लाइनही पाठोपाठ थांबली असती. अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या टोयोटा-होंडालाही त्याचा फटका बसला असता.

म्हणून मार्च २००९ मध्ये व्हेंडरांसाठी ५ अब्जांची वेगळी योजना आली. बिलाला सरकारी हमी हवी तर २ टक्के फी, लगेच रोकड हवी तर ३ टक्के. त्यातले फारच थोडे वापरले गेले आणि सगळे परत आले. हमी आहे म्हटल्यावर बँका पुन्हा बिलं घ्यायला लागल्या. माझ्या मते त्या सगळ्या पॅकेजमधली ही सगळ्यात शहाणी योजना होती आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

माधुरी (सी-१०४): शेखसाहेबांचं पटतं, पण "साखळी वाचवली" म्हणताना साखळीतलं कोण वाचलं तेही सांगा. डेल्फी ही जीएमचीच जुनी सुट्या भागांची कंपनी, २००५ पासून दिवाळखोरीत. २००९ मध्ये तिची पेन्शन सरकारी विमा संस्थेकडे गेली आणि कापली गेली. युनियनच्या कामगारांची तूट जीएमने भरून दिली. पगारी कर्मचाऱ्यांची, म्हणजे सुपरवायझर, इंजिनियर यांची, नाही. कारखाना तोच, वर्षं तितकीच, आणि पेन्शन वेगवेगळी. वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसले ते लोक. डीलरही तसेच. क्रायस्लरने मे महिन्यात ७८९ डीलरांना कळवलं की ९ जूनपासून करार संपला. शोरूममधला माल, पार्ट्स, स्पेशल टूल्स सगळं तीन-चार आठवड्यांत निपटायचं.

प्रसाद (डी-३०२): धन्यवाद ताई. आता माझा हुकमी मुद्दा. क्रायस्लरला तारणावर कर्ज देणाऱ्यांचे ६.९ अब्ज होते. त्यांना २ अब्ज मिळाले, डॉलरमागे २९ सेंट. आणि विनातारण देणं असलेल्या युनियनच्या आरोग्य ट्रस्टला नव्या कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा. तारण असलेला मागे, नसलेला पुढे. इंडियाना राज्याचे पेन्शन फंड सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही विक्रीवरची स्थगिती टिकली नाही. उद्या कर्ज देणारा तारणाला काय किंमत देणार?

कुलकर्णी काका (बी-२०३): यावर वाद घालत नाही. सरकारचं म्हणणं होतं की मोडीत काढली असती तर २ अब्जही आले नसते आणि कामगारांशिवाय नवी कंपनी उभीच राहत नाही. हिशेबाने ते खरं असेल. पण देण्याचा क्रम सरकार ठरवायला लागलं की प्रत्येक मोठ्या कर्जात राजकारणाचा धोका मिसळतो. हा डाग आहेच.

स्नेहल (ए-२०२): काका, शेवटी सरकारला फायदा झाला की तोटा? नेटवर दोन्ही सापडतं.

कुलकर्णी काका (बी-२०३): कुठला आकडा धरतात त्यावर आहे. जीएममध्ये ४९.५ अब्ज गेले, ३९ च्या आसपास आले, तोटा साडेदहा अब्जांच्या घरात. नव्या जीएममध्ये, म्हणजे दिवाळखोरीतून उभ्या राहिलेल्या कंपनीत, सरकारचा ६०.८ टक्के हिस्सा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये ३३ डॉलरने शेअर विकायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा विकला. क्रायस्लरमध्ये १.३ अब्ज बुडाले. गाड्यांना कर्ज देणारी जीएमएसी, आताची अ‍ॅली, तिच्यात मात्र १७.२ देऊन १९.६ आले. एकूण ८० अब्जांच्या जवळपास गेले आणि ९ च्या वर खड्डा पडला. "सगळं परत आलं" म्हणणारा आणि "सगळं बुडालं" म्हणणारा, दोघांनाही हे विचार.

प्रसाद (डी-३०२): आणि ब्रिटनची मोटार कंपनी ब्रिटिश लेलँड? १९७५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, वर्षानुवर्षं पैसा ओतला. उरलेली रोव्हर २००० मध्ये बीएमडब्ल्यूने १० पौंडांना देऊन टाकली आणि २००५ मध्ये तीही बंद.

कुलकर्णी काका (बी-२०३): कारण तिथे फारसं काही तोडलंच नाही. जीएमने पाँटिअ‍ॅक, सॅटर्न, हमर बंद केले, साब विकली, रोखेधारकांचे २७ अब्ज शेअरमध्ये बदलले. लेलँडमध्ये एकाच घरातल्या गाड्या एकमेकींचं गिऱ्हाईक खात राहिल्या. पैसा तोटा भरायला गेला, रचना बदलायला नाही. १९८० च्या क्रायस्लरकडे बघ. दीड अब्जाची नुसती कर्जहमी, बदल्यात सरकारने शेअर घ्यायचा हक्क लिहून घेतला. १९८३ मध्ये सात वर्षं आधी कर्ज फिटलं आणि सरकारने त्या हक्कावर ३० कोटी डॉलरच्या वर कमावले.

माधुरी (सी-१०४): आपल्याकडचा धागाही घे, स्नेहल. वाचलेल्या जीएमचा तळेगावचा कारखाना २००८ चा. २०१७ मध्ये तिने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही बंद. कामगारांचा वाद चिघळला, कारखाना शेवटी ह्युंदाईकडे गेला. अमेरिकन करदात्याने वाचवली ती अमेरिकेतली जीएम. उलट क्रायस्लर इटलीच्या फियाटच्या हातात गेली म्हणून क्रायस्लरची जीप रांजणगावला बनायला लागली. अशी मदत कुठे पोचेल ते देणाऱ्याच्याही हातात नसतं.

स्नेहल (ए-२०२): त्या मंदीत आपल्या सरकारने काय केलं होतं?

शेख (ए-५०१): कंपनीला पैसे दिले नाहीत, मागणी वाढवली. डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क ४ टक्क्यांनी खाली, जानेवारी ते मार्च २००९ मध्ये घेतलेल्या व्यापारी वाहनांवर करासाठी ५० टक्के घसारा (वाहनाची किंमत घटण्यापोटीची वजावट), आणि जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून शहरांना बस घ्यायला निधी. चाकण-भोसरीच्या व्हेंडरला हे जास्त सोयीचं, कारण ऑर्डर येते आणि कोण जगणार ते गिऱ्हाईक ठरवतं.

प्रसाद (डी-३०२): याला माझी हरकत नाही. आणि आता तर आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे.

शेख (ए-५०१): आहे, पण गाडी कंपनीला तो झेपेल का? जीएम ४० दिवसांत बाहेर आली, क्रायस्लर ४२. आपल्याकडे मुदतच १८० दिवस, वाढवून ३३० पर्यंत, आणि प्रत्यक्षात तीही ओलांडतात. तितके दिवस लाइन थांबली तर गिऱ्हाईक दुसरीकडे गाडी बुक करून मोकळं. मधल्या काळातल्या कर्जाला आपल्याकडेही पहिला हक्क आहे, पण बँक हात आखडता घेते. आणि व्हेंडर म्हणजे ऑपरेशनल क्रेडिटर (मालाचे पैसे येणं असलेला), कर्ज देणाऱ्यांच्या समितीत त्याला मत नसतं. नव्या जीएमने ज्या व्हेंडरांचे करार पुढे चालू ठेवले त्यांची जुनी थकबाकी भरली, करार घ्यायचा तर थकबाकी भरावीच लागते असा तिथला नियम. आपल्याकडे अत्यावश्यक माल म्हणून पुरवठा चालू ठेवायला सांगू शकतात. त्या काळातल्या मालाचे पैसे मिळतील. आधीच्या बिलांसाठी मात्र क्लेमचा फॉर्म भरायचा आणि रांगेत शेवटी उभं राहायचं.